आंधळी पाचर

अण्णा, म्हणजे माझे वडील, पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये दारं करत होते. देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडं कॅनॉलच्या कडेला आमच्या दोन खोल्या होत्या, त्याही शेडच्या मालकाच्याच. जागा मालकाची, मशीन मालकाचं, मोठी हत्यारं मालकाची. अण्णांचं स्वतःचं म्हणाल तर लाकूड कोरायच्या दोन पटाश्या, काटकोन बघायचा एक गुण्या आणि एक टेप. आई उसाचं बेणं तोडायला जायची आणि कांद्याच्या दिवसांत कांदे काटायला. तिच्या बोटांना कांद्याचा वास इतका बसलेला असायचा की तिनं केलेल्या गोड शिऱ्यालाही तो लागायचा. आम्ही खायचो. रोज थोडाच शिरा व्हायचा.

त्या टेपचा पहिला इंच मी दुसरीत असताना तुटला. टेप काही लाखाची वस्तू नव्हे, पण टेपच्या आधी घ्यावं असं घरात कायम दुसरं काहीतरी निघायचं. मग अण्णा एकच्या खुणेपासून माप धरायला लागले. सदतीसवर आलं की खरं माप छत्तीस. अण्णांना आकडे वाचता यायचे, पण लिहायला हात अडायचा. म्हणून ते टेपवरचा आकडा म्हणायचे आणि मी वहीत एक वजा करून लिहायची. "सदतीस." मी छत्तीस लिहिलं. "एकोणपन्नास." मी अठ्ठेचाळीस लिहिलं. वजाबाकी मी शाळेत शिकवायच्या आधी तिथं शिकले. पुढं याबद्दल आमच्यात बोलणंही होईना. त्यांनी म्हणायचं, मी एक कमी लिहायचं, एवढंच.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मशीनच्या रंध्यानं अण्णांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. अंगठा राहिला, पण त्यातली पकड गेली. मालक दवाखान्यात येऊन म्हणाला, "अण्णा, बरं वाटलं की या." अण्णा बरे होऊन गेले तेव्हा त्यांच्या जागेवर दुसरा माणूस होता. खोल्याही सोडाव्या लागल्या. आईच्या ओळखीतल्या एकांचं रस्त्याकडेला वेल्डिंगचं शेड बंद पडलेलं होतं, ते मिळालं. मागच्या अर्ध्यात आमचा संसार. पुढच्या अर्ध्यात अण्णांनी एक जुनं टेबल मांडलं आणि त्यावर आपल्या दोन पटाश्या ठेवल्या.

मी बीएस्सी झाले, गणित घेऊन. आमच्या आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मोठेपणानं सांगते, त्यात लाजायचं काही नाही. गावाला वाटलं आता ही पुण्याला जाणार. मी सकाळी शिकवण्या घ्यायला लागले आणि दुपारी अण्णांकडून रंधा शिकायला लागले. त्यांना धरता येत नव्हतं, मला दिसत नव्हतं. म्हणजे लाकडाची शीर कुठं वळते, कुठं रंधा उलटा लागेल, ते मला दिसत नव्हतं. ते डोळा झाले, मी हात झाले. आत्या दर खेपेला दारातूनच ओरडायची, "काय गं, बीएस्सी करून भुसा झाडतीस व्हय?" मी म्हणायची, "आत्या, भुसाच झाडते. पण कुणाच्या शेडमधला नाही, आमच्या."

पण दार कुणी देत नव्हतं. पाट यायचे, बाजेचे पाय यायचे, कुदळीचे दांडे यायचे. दाराचं नाव काढलं की माणूस अण्णांच्या हाताकडं बघायचा आणि विषय बदलायचा. दोन वर्षं अशी गेली. शेवटी एका सकाळी अण्णा आईला म्हणाले, "या सालात एक दार आलं तर ठीक. न्हाई आलं तर फॅक्टरीच्या गेटवर वॉचमनची जागा हाय म्हणत्यात. मी हो म्हणून येतो." आईनं चुलीत फुंकर मारली. अण्णांना खाकी कपड्यात गेटवर उभं बघायचं मला जमणार नव्हतं. काम हलकं म्हणून नव्हे. तो माणूस लाकडावर हात फिरवून सांगायचा की झाड उताराला वाढलंय की सपाटीला. तो गेटची वही धरून बसला असता.

त्यानंतर महिनाभरात दार आलं.

जवळच्या एका गावात दगडी चर्च आहे. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत माझ्या चौथीच्या बाई होत्या. आता निवृत्त, मंडळीच्या पंचांमध्ये, आणि जीभ तशीच. चर्चचं पुढचं दार दोन झडपांचं. खालचा अर्धा भाग लाकडी, वरच्या अर्ध्यात काचेची तावदानं, एका झडपेला सहा. खालून वाळवीनं पोखरलेलं. बाईंनी पाळकसाहेबांना आमच्या शेडवर आणलं.

पाळकसाहेब मऊ बोलणारे, पण अटी पक्क्या. तावदानं जुनीच बसवायची, एकही बदलायचं नाही. हातानं केलेली काच, आतून बघितलं की बाहेरचा लिंब हलल्यासारखा दिसतो. लाकूडही मंडळीच देणार, जुन्या पाळकवाड्याचं छप्पर उतरवलं त्यातली सागाची तुळई. "सगळं दार त्या तुळईतलंच हवं. लोकांनी तसं मागितलंय." आणि ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दार जागेवर हवं, कारण त्या दिवशी सगळी मंडळी हातात झावळ्या घेऊन त्याच दारानं आत येते.

ते गेल्यावर अण्णांनी तुळईचा हिशेब डोळ्यानंच लावला. "दार निघंल. पण एकच निघंल. चुकायला लाकूड न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही मापं घ्यायला चर्चमध्ये गेलो. उंचीची मापं झाली तेव्हा आम्ही दोघंच होतो. अण्णा टेपवरचा आकडा म्हणत होते, मी एक वजा करून लिहीत होते. मग रुंदीला सुरुवात केली आणि तेवढ्यात पाळकसाहेब, बाई आणि आणखी दोन पंच येऊन मागं उभे राहिले. अण्णांनी टेप झडपेला आडवा लावला. एकची खूण एका कडेला. दुसरी कड पंचविसावर होती.

अण्णा म्हणाले, "चोवीस."

मी तेवीस लिहिलं.

ही चूक एवढीच. चार माणसांसमोर आपला टेप तुटका आहे हे अण्णांना दाखवायचं नव्हतं. कुणी टेपकडं बघितलं आणि पंचवीसला चोवीस म्हटलेलं ऐकलं तर विचारतील, असंही त्यांच्या मनात आलं असेल की नाही, कुणास ठाऊक. त्यांनी आपलं आपणच वजा केलं आणि खरं माप सांगितलं. आणि मी गणिताची पदवीधर, पंधरा वर्षांच्या सवयीनं पुन्हा एकदा एक वजा केलं.

पुढचे तीन आठवडे मी त्या तेवीसवर काम केलं.

तुळई आरा गिरणीतून चिरून आणली. आतून लाकूड मधासारखं निघालं, इतक्या वर्षांचं वाळलेलं, कडकडीत. चार उभ्या पट्ट्या, चार-चार इंच रुंद. सहा आडव्या, प्रत्येक झडपेला वर, मधे आणि खाली. खालच्या भागाच्या फळ्या. तावदानांमधल्या बारीक दांड्या. जुन्या खिळ्यांची भोकं आणि चिरा टाळत टाळत अण्णा खडूनं खुणा करत होते आणि मी कापत होते. सगळं बरोब्बर बसलं. उरलं ते जळण.

उभ्या पट्ट्या रंधून झाल्या. आडव्या सहाही तेवीस इंचांवर कापल्या. कुसू पाडायच्या आधी, म्हणजे आडव्या पट्टीची टोकं उभ्या पट्टीत शिरतील अशी बारीक करायच्या आधी, मला तावदानं मांडून बघायची हौस आली. जमिनीवर गोणपाट टाकलं. एका झडपेच्या पट्ट्या त्यावर मांडल्या. मधे दांडी ठेवली, शेजारी दोन तावदानं ठेवली.

दुसरं तावदान बसेना.

मला वाटलं पट्टी सरकली. पुन्हा मांडलं. मग कोपऱ्यातली मापाची स्टीलची पट्टी आणली आणि मोजलं. एक इंच. बरोब्बर एक इंच कमी.

मी वही काढली. तेवीस. आणि तेव्हा माझ्या कानात अण्णांचा आवाज आला, त्या दिवशीचा, जरा मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असा. चोवीस. करवतीखाली भुशात आडव्या पट्ट्यांचे कापलेले तुकडे पडले होते, इंचाइंचाचे, जास्तीचे. सकाळीच मी ते कापून टाकले होते. मी खाली बसून ते गोळा केले. का, ते माहीत नाही. ते परत चिकटणार थोडेच होते.

अण्णा बाहेरून आले. गोणपाटावर बघितलं. त्यांना मोजायची गरज पडली नाही.

"कितीनं?"

"एक इंच."

ते माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. आम्हा दोघांनाही त्याच घटकेला सगळं कळलं. ते बाजेवर बसले, डाव्या हातावर उजवा हात ठेवून.

"दुसरं लाकूड आणू," मी म्हणाले. "सहाच पट्ट्या. कोण ओळखणार आहे?"

"बाजारातला साग वला आसतो. दोन महिन्यांत वाकंल. आन त्या लोकांनी काय सांगितलंय?"

"मग?"

"मग काय. गेटवर वही धरायची." ते हे रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साधं म्हणाले.

दुसरा दिवस अमावस्येचा होता. अमावस्येला अण्णा लाकडाला हत्यार लावत नाहीत, त्यांच्या उस्तादाकडून आलेली रीत. एरवी मी त्यावरून वाद घालते. त्या दिवशी घातला नाही. मी कागद घेऊन बसले. बसून बसून एक गोष्ट लक्षात आली. पट्ट्या तेवीस इंचांच्या झाल्यात, पण दोन उभ्या पट्ट्यांच्या मधलं अंतर अजून माझ्या हातात आहे. ते चोवीसच्या हिशेबानं सोळाच ठेवायचं, म्हणजे तावदानं बसतील. मग दोन्ही बाजूंच्या कुसवांना साडेतीन-साडेतीन इंच राहतात. उभी पट्टी चार इंचांची. कुसू आरपार जाणार नाही, अर्धा इंच आतच संपेल. बस्स.

अण्णांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. "आरपार कुसू न्हाई तर पाचर कुठनं मारायची? भाईरनं पाचर मारली म्हंजे कुसू फुगतो, मग निघत न्हाई. ह्याला भाईर न्हाईच. एवढी काच, एवढं वजन. वरसभरात झडप खाली येईल, फरशीला घासंल."

"खुंट्या मारू."

"खुंटीनं वजन पेलत न्हाई."

आईनं चहा आणला. कप हातात धरून अण्णा म्हणाले, "उस्तादानं एकदा केल्तं. मी बघितलं हुतं. आंधळी पाचर म्हणायचा."

त्यांनी सांगितलं ते असं. भोक आरपार न पाडता आतल्या तळाशी जरा रुंद करायचं. कुसवाच्या टोकाला करवतीनं दोन चिरा द्यायच्या, आणि त्यांत दोन बारीक पाचरी नुसत्या टेकवायच्या. मग सगळंच भोकात ठोकत न्यायचं. पाचरीचं डोकं भोकाच्या तळाला आपटतं, पाचर आपोआप चिरेत घुसते, आणि कुसू आतल्या आत फुगून बसतो. बाहेरून काही दिसत नाही. परत काही निघत नाही.

"म्हणजे चुकलं तर?"

"चुकलं तर करवत. एकदाच बसतं ते. पाचर लांब झाली तर मधेच आडकंल, सांधा उघडाच राहील. बारीक झाली तर आत नुसतीच पडून राहील, आन आपल्याला कळणार बी न्हाई."

"उस्ताद किती लांब ठेवायचा?"

"त्याच्या हाताला ठावं हुतं. मला न्हाई."

बीएस्सीचा मला जन्मात पहिल्यांदा लाकडात उपयोग झाला तो इथं. भोकाचा तळ दोन्ही बाजूंनी एक-एक सूत रुंद, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चिरेची खोली दोन इंच. कुसवाचं टोक त्या सुतावर जाऊन टेकायला पाचरीची जाडी किती आणि लांबी किती, हा समान त्रिकोणांचा प्रश्न आहे, दहावीतला. मी आलेखाच्या कागदावर सांधा खराखुरा काढला, मापाला माप. अण्णा कागदाकडं बघून म्हणाले, "हे मला कळत न्हाई. पर रेघा सरळ हायत."

संध्याकाळच्या आत सगळं कागदावर होतं. अमावस्या संपायची होती. म्हणून हातात हत्यार नव्हतं.

दोन दिवस आम्ही बाभळीच्या तुकड्यांवर करून बघितलं. तेवढ्यात पाडवाही होऊन गेला. गुढी आईनंच उभी केली, मी खाली पटाशी मारत होते. पहिला सांधा दोन सूत उघडा राहून अडकला, पुढं जाईना, मागं येईना. करवतीनं फाडून बघितलं तर पाचर वाकडी झाली होती. दुसरा अगदी सहज बसला, आणि अण्णांनी तो एका हातानं उपटून माझ्यासमोर टाकला. मी पाचरीची जाडी एका कागदाएवढी वाढवली. तिसरा बसला. तो उपटेना. उभा चिरून बघितला: कुसू आत कबुतराच्या शेपटीसारखा पसरून भोकाच्या भिंतीला टेकला होता. अण्णांनी तो तुकडा उचलून उन्हात धरला आणि बराच वेळ बघितला.

मग मी म्हणाले, "बाईंना सांगावं लागेल."

"काय गरज हाय? दार बसलं तर बसलं."

"जुन्या दाराला पट्टीच्या कडेला कुसवाची टोकं दिसतात, अण्णा. त्यांनी चौथीत माझ्या वहीतलं काय काय पकडलंय, मला माहीत आहे."

आम्ही बोलावलं नाही. बाई त्याच दुपारी काम बघायला आपणहून आल्या, छत्री टेकत. टेबलावर भोकं पाडलेल्या चार उभ्या पट्ट्या मांडल्या होत्या. त्यांनी एकीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "भोकं बाहेर का निघाली नाहीत? जुन्याला आहेत."

मी सांगितलं. माप घेण्यात चूक झाली, पट्ट्या एक इंच आखूड झाल्या, आता सांधा वेगळ्या रीतीनं करणार आहोत.

"चूक कुणाची?"

"माझी."

"एका इंचाची? वजाबाकी कुणी शिकवली गं तुला?"

"तुम्हीच, बाई."

"मी एवढी वाईट शिकवत नव्हते."

मागून अण्णा म्हणाले, "तिची न्हाई, बाई. माझी." ते बाजेवरून उठले होते. त्यांनी खिशातला टेप काढला आणि बाईंसमोर ओढून धरला. "हा असा हाय. पहिला इंच न्हाई. तुमच्यासमोर सांगायची लाज वाटली म्हून मीच आकडा बदलला, आन पोरीला सांगितलं न्हाई."

बाईंनी टेप हातात घेतला, बघितला, परत दिला.

"लाज वाटायचं वय आहे का तुमचं आता?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं काम द्या म्हणून मी भांडलेय तिथं. दोघा पंचांना श्रीरामपूरचा सुतार हवा होता. हे धरेल का, एवढं सांगा."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "माहीत नाही, बाई. उद्या सकाळी ठोकणार आहोत. तेव्हा कळेल."

"मग उद्या येते," बाई म्हणाल्या. मला वाटत होतं त्यांनी येऊ नये.

सकाळी आठला सगळं मांडलं. बाई स्टुलावर बसल्या. आईनं पदर खोचला आणि उभ्या पट्टीचं एक टोक धरून बसली. ठोकायचं मला होतं, कारण लाकडी हातोडा दोन हातांनी चालवायला लागतो. अण्णांचं काम ऐकायचं. पाचर तळाला लागली की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ असतो तो भरीव होतो, आणि मग चढत जातो. त्यांनी आपला डावा हात, तो तीन बोटांचा, पट्टीवर सपाट ठेवला.

पहिल्या झडपेच्या एका बाजूच्या तिन्ही पट्ट्या एकेक करून बसल्या. प्रत्येक वेळी अण्णा म्हणायचे, "आला. आला. बस." मी थांबायची. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मग दुसरी बाजू. इथं तिन्ही सांधे एकदमच बसवायचे असतात, कारण उभी पट्टी एकच. वर मार, खाली मार, मधे मार, सगळं सारखं सरकलं पाहिजे. गोंद लावलेला, मार्चची हवा, दहा मिनिटांत तो धरायला लागणार. वरचा बसला. खालचा बसला. मधला एक सूत उघडा राहिला.

मी मारलं. आवाज भरीव आला. सरकलं नाही.

"मार," अण्णा म्हणाले.

"फुटेल, अण्णा."

"तुझा कागद काय म्हणतो? बसायला पायजे का न्हाई?"

कागदाप्रमाणं भोकाच्या तळाशी अजून जागा होती. मी तीच जागा मोजून ठेवली होती. "बसायला पाहिजे."

"मग मार ना! तुझ्या कागदावर माझा भरवसा हाय आन तुझा न्हाई व्हय?"

बाई स्टुलावरून उठल्या होत्या. मी हातोडा वर घेतला आणि मारला, सगळं अंग घालून.

काडकन आवाज झाला.

आई "आई गं" म्हणाली. मी हातोडा टाकला आणि गुडघ्यांवर बसले. सांधा बंद झाला होता, नखही जाणार नाही असा. पण तो आवाज कशाचा? उभ्या पट्टीला वरून खालपर्यंत बघितलं, उलटी करून बघितली. चीर नाही. अण्णा मधल्या सांध्यावर हात ठेवून डोळे मिटून उभे होते.

"काय झालं आत?" मी विचारलं.

"पाचर चिरली आसंल. न्हाईतर कुसू. आता ते टांगल्यावर कळंल. वजन येऊ दे."

दुसरी झडप दुपारपर्यंत झाली, आवाज न करता. पण पुढच्या आठवड्यात मी रंधत होते, घासत होते, तावदानाच्या पट्ट्या मारत होते, फटींत लांबी भरत होते, तेव्हा मन त्या एका सांध्यातच होतं. कुसू चिरला असेल तर झडप धरणार नाही. बाहेरून काही दिसत नव्हतं. ह्या पाचरीचं नाव आंधळी का, ते मला तेव्हा कळलं.

बारा तावदानं बसली, एकही तडकलं नाही. झावळ्यांच्या रविवारच्या चार दिवस आधी टेम्पोत गोधड्या घालून झडपा नेल्या. बिजागऱ्या मारल्या. पहिली झडप बिजागरीवर सोडताना मी झडपेखाली टेकणाला घातलेली पाचर काढली आणि मागं सरले. झडप उभी राहिली. अण्णांनी फरशी आणि झडपेच्या खालच्या कोपऱ्यामधे स्टीलची पट्टी घातली. दोन सूत. आम्ही तेवढीच ठेवली होती.

"उद्या बघू," ते म्हणाले.

उद्याही दोन सूत होती. परवाही. रविवारी मंडळी आली, हातात झावळ्या, गाणं चालू. पोरं झडपांना लोंबकळत आत शिरली, एकानं तर कडीला धरून झोका घेतला. मी लिंबाखाली उभी राहून झडपेचा खालचा कोपरा बघत होते. अण्णा बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते. सगळे आत गेल्यावर ते पायऱ्या चढले, वाकले, पट्टी घातली.

"दोन," एवढंच म्हणाले.

बाईंनी आतून तावदानातून आमच्याकडं बघितलं. त्या काचेतून आम्ही हलताना दिसलो असणार. त्यांनी हातानं खूण केली, आत या म्हणून. आम्ही मागच्या बाकावर बसलो.

पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि थंडीत आखडतं. दोन्ही बघायला अण्णा पट्टी घेऊन गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतरही गेले. कोपऱ्याखाली दोन सूत जागा होती. त्या मधल्या सांध्यात काय चिरलं ते आम्हाला आजही माहीत नाही. जे काही चिरलं असेल, त्यानं सांधा सोडलेला नाही.

फॅक्टरीच्या गेटवर दुसऱ्या कुणालातरी जागा मिळाली. आमच्याकडं आता दारांची कामं येतात, बेलापूरवरून, राहुरीवरून, आणि सगळी दारं आम्ही दोघं करतो. अण्णा सुतारच राहिले.